जाळ्यांच्या शेडमागची पिशवी

मासळीचा लिलाव ऐन भरात असताना काशीराम तांडेलाला जाळ्यांच्या शेडमागे ती काळी पिशवी दिसली आणि त्याचा हात आपसूक गळ्यातल्या शिट्टीकडे गेला.

रत्नागिरीजवळच्या या लहानशा बंदरावर सुरक्षेसाठी मच्छीमारांचं एक पथक होतं आणि काशीराम त्याचा प्रमुख होता. चौकीवरच्या फौजदार अक्षया मॅडम अधूनमधून येऊन पथकाला शिकवत. शिकवणं साधं होतं. बेवारस वस्तू दिसली, तर आधी आजूबाजूला विचारा, कोणाची आहे. मुद्दाम लपवल्यासारखी वाटते का, की या जागी नेहमी असते तशीच आहे, ते बघा. मालक सापडलाच नाही, तर हात लावू नका, माणसं लांब न्या आणि आम्हाला कळवा. काशीरामला हे तोंडपाठ होतं. नव्या पोरांना तोच समजावून सांगायचा.

पण शेडमागच्या त्या जागेची गोष्ट वेगळी होती. येसूबाई पूर्वी मासळी विकायची. तिच्या आवाजाने अख्खा बाजार जागा व्हायचा. मग नवरा गेला, गुडघे गेले, डोक्यावरची पाटी सुटली. तेव्हापासून ती पहाटे एक रिकामी पिशवी शेडमागे ठेवून जायची. होडीवरून उतरलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, जाता जाता तीत मूठभर मासळी टाकायचा. गर्दी पांगली, की पिशवी गुपचूप घरी जायची. याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. बंदराची रीतच होती ती.

पिशवी एरवी कापडी असायची. आजची रेक्झिनची होती, चेन लावलेली. 'येसूकाकीचीच असणार,' असं काशीरामच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. पण जेटीवर अक्षया मॅडम होत्या आणि त्यांच्यासोबत पाहणीला आलेले मोठे साहेबही होते. काशीरामने शिट्टी फुंकली.

लिलाव मोडला. टोपल्या टाकून माणसं पथकाने बांधलेल्या दोरीपलीकडे गेली.

"काका," नुकताच होडीवरून उतरलेला निलेश तांडेल त्याच्या कानाशी लागला, "काकीचीच ना ती? आमच्या होडीनं आत्ताच..."

"गप रे. साहेब बघतायत."

दोरीपलीकडे येसूबाई उभी होती, पदर तोंडाशी धरून. दोघांची नजरानजर झाली. तिने मान किंचित हलवली. नको, अशी. अजूनही वेळ गेली नव्हती. मॅडमना बाजूला घेऊन हळूच सांगितलं असतं, तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण शिट्टी तर वाजवून झाली होती. आता साहेबांसमोर चुकलो म्हणायचं? काशीरामने तोंड फिरवलं.

"कोणाची आहे ही?" मॅडमनी मोठ्याने विचारलं. तांडेल समुद्राकडे बघत राहिले. चारचौघांत तिचं नाव कोण घेणार?

शहरातून बाँबशोधक पथक आलं. जाड पोशाखातल्या माणसाने जपून पिशवी उघडली, आत पाहिलं आणि डोक्यावरचा टोप काढला.

"बांगडे आहेत. थोडी मांदेली पण आहे."

परगावचे व्यापारी खदखदून हसले. "तांडेल, तुमच्या बाँबचं कालवण करा आता!"

"आता तरी सांगा, कोणाची?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

"माजी." येसूबाईचा आवाज जेमतेम दोरीपर्यंत पोचला.

"अहो आजी, मग इतका वेळ बोलला का नाहीत? मासे विकत घेतले होते, तर..." मॅडम मध्येच थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर व्यापाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं. हसणं बंद झालं, आणि ते बंद होणं हसण्यापेक्षा वाईट होतं. येसूबाईने पिशवी उचलली नाही. तशीच पाय ओढत निघून गेली.

साहेबांनी काशीरामची पाठ थोपटली. "सावध माणूस! असंच पाहिजे." काशीरामला वाटलं, जमीन फाटली तर बरं.

संध्याकाळी तो सुरमई घेऊन तिच्या घरी गेला. दार अर्धंच उघडलं.

"काकी, चुकलं माझं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

त्याने सुरमई या हातातून त्या हातात घेतली.

"तुला ठाऊक व्हतं, काशा. तुज्या तोंडावर बघितलं मी."

"हो," तो म्हणाला.

"शिट्टीचा राग नाय मला. उद्या खरंच कोणी काय ठेवलं, तर वाजव. जोरात वाजव. पन आदी मला येऊन इचारलं असतंस, तर काय बिगडलं असतं?"

त्याने सुरमई पुढे केली. "एवढी तरी घे."

"नको. शेडमागं पडायचा तो वाटा व्हता. ही दारात आणून दिलेली भीक झाली." दार लागलं.

सकाळी होड्या लागल्या. निलेश मूठभर मासळी घेऊन शेडमागे गेला आणि तशीच घेऊन परत आला.

"काका, पिशवी नाय ठेवलेली. कुठं टाकू?"

"टाक तुझ्या टोपलीत," काशीराम कसाबसा म्हणाला.

निलेशने टाकली नाही. मासळी हातात धरून तो उभाच राहिला. मागून येणारे तांडेलही एकेक करून थांबले. लिलावाची हाक आली तरी कोणी हललं नाही आणि काशीरामला काही मान वर करता आली नाही.