दार्ताचं तण

"कोणी सांगितलं होतं तुला माझं अंगण साफ करायला?" दार्ता कमरेवर हात ठेवून विचारत होती.

शेजारची बीर्ता कोयता घेऊन घामाने निथळत उभी. "अगं, महिनाभर तण माजलंय. म्हटलं, तुला बरं नसेल. आज योहानची रात्र, गाणारे येणार. काय म्हणतील?"

"तेच तर म्हणायला हवं होतं त्यांनी."

बाल्टिक किनाऱ्यावरच्या कुर्लंडच्या ड्यूकचा झेंडा कॅरिबियनमधल्या तोबॅगो बेटावर तीनशे वर्षं फडकत होता. डच आले, इंग्रज आले, हात हलवत परत गेले. तिकडे थंड मुलखात ओकच्या पानांचे मुकुट करतात, इकडे देशी बदामाच्या; तिकडे चीज गाईच्या दुधाचं, इकडे शेळीच्या. पण जूनमधल्या योहानच्या रात्रीची रीत तीच. गाणारे 'लीगो, लीगो' असं पालुपद घेत घरोघर जातात, घरधन्याची यथेच्छ टर उडवतात आणि मग खातात-पितात. ज्याची टर उडत नाही, त्याला गावाने आपल्यात धरलंच नाही म्हणायचं.

दार्ताचा नवरा अन्सिस गेला, त्यानंतर तीन वर्षं हे लोक तिच्या दारात टोप्या काढून उभे राहत. गाणं नाही, काही नाही. चीजचा एकेक तुकडा उचलून, पाय न वाजवता निघून जात. अन्सिसचं नावसुद्धा कोणी काढत नसे. बरं, चिडवायला घरात खोट सापडेल तर शपथ, इतकी बाई टापटिपीची. म्हणून यंदा तिने मनावर दगड ठेवून तण वाढू दिलं होतं. आणि या भवानीने ते उपटून टाकलं.

"तीन वर्षं मला कोणी नावं ठेवलेली नाहीत, बीर्ता," दार्ता म्हणाली. "मी काय त्याच्याबरोबर मेले?"

बीर्ता बघतच राहिली. मग कोयता खांद्यावर टाकून चालती झाली.

संध्याकाळी दार्ताने तरीही शहाजिरं घातलेलं चीज कापलं, बिअरचा घडा बाहेर काढला, डोक्यावर बदामाच्या पानांचा मुकुट चढवला. ढोल जवळ आला आणि दारासमोर थांबला. तिने आधी टोप्या पाहिल्या. सगळ्या डोक्यांवरच होत्या. पुढे बीर्ता, पदर खोचल्यासारखी ठाण मांडून:

"तण माजलं दार्ताच्या दारी, लीगो, लीगो,
उपटून मेली शेजारीण बिचारी, लीगो, लीगो!
अन्सिसदादा, बघ तुझी राणी, लीगो, लीगो,
बिअर म्हणून पाजते पाणी, लीगो, लीगो!"

अन्सिसचं नाव अंगणात घुमलं. दार्ताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि हसूही आवरेना. पण उत्तर न देणारी घरधनीण कसली? तिने गळा साफ केला.

"अन्सिसला ठाऊक बीर्ताची खोडी, लीगो, लीगो,
घडा संपला तरी जागा ना सोडी, लीगो, लीगो!"

असा हशा उसळला की गोठ्यातल्या शेळ्या ओरडू लागल्या. घडा खरंच संपला. चीजचा कणही उरला नाही, आणि बीर्ता खरंच सगळ्यांत शेवटी उठली.

सकाळी दार्ता झाडू घेऊन अंगणात आली. पाण्याच्या पिंपामागे तणाचा एक झुबका बीर्ताच्या नजरेतून सुटला होता. दार्ताने झाडू भिंतीला टेकवला आणि त्याला तांब्याभर पाणी घातलं.