दोर कापला तरी लिफ्ट पडत नाही

माणसाने आपल्या दैवतावर श्रद्धा ठेवावी, पण त्या दैवताच्या नावाने निघालेल्या व्हिडिओ गेमवर कदापि ठेवू नये, हे सत्य माझ्या भावोजींना तीनदा तोंड पोळल्यावर उमगलं आणि उरलेलं आयुष्य ते त्याच सत्याला धरून जगणार होते. ते सत्य एका शनिवारी सकाळी पावणेदहापर्यंत टिकलं.

भावोजी लिफ्टदुरुस्तीच्या कामात आहेत. वय अठ्ठेचाळीस. त्यांचं दैवत म्हणजे पाकोळी. हा इसम दिवसा वजनमापांच्या कचेरीत कारकुनी करतो आणि संध्याकाळी करडा अंगरखा चढवून इमारतींच्या भिंतींना चिकटत चिकटत दुष्टांचा समाचार घेतो. भावोजी नऊ वर्षांचे असल्यापासून त्याच्या चित्रकथांचे अंक जमवताहेत. एकही अंक चुकलेला नाही. लग्नाआधी त्यांनी माझ्या बहिणीला स्वतःबद्दल जे काही सांगितलं, त्यातलं निम्मं पाकोळीबद्दल होतं.

पाकोळीवर आजवर तीन गेम निघाले. पहिल्यात तो भिंतीला चिकटण्याऐवजी भिंतीत घुसायचा आणि तिथेच राहायचा. दुसऱ्यात शहरभर विखुरलेले दोनशे पारवे गोळा करायचे होते. भावोजींनी तीन महिने घालवून एकशे नव्व्याण्णव पकडले. दोनशेवा ठेवायचाच राहून गेला होता, हे गेम करणाऱ्यांनी नंतर जाहीर केलं. तिसऱ्याबद्दल घरात बोलत नाहीत.

आणि तिन्हींमध्ये एक प्रसंग ठरलेला. खलनायक लिफ्टचा दोर कापतो, लिफ्ट दगडासारखी खाली येते आणि पाकोळी ती हातांवर झेलतो. इथे भावोजी खुर्चीतून उठायचे. लिफ्टला दोर एक नसतो, पाच-सहा असतात. ते सगळे कापले तरी ती पडत नाही, कारण वेग वाढला की डब्याखालचे जबडे बाजूच्या रुळांना करकचून धरतात. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माझ्या सासऱ्यांना तर त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तरी सासरे अजून जिनेच चढतात.

आता खोलीचं. ताई दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते, आणि बनवते जेवणाच्या टेबलावर. समोर परक्या माणसाचं हसू ठेवून जेवायची त्या घराला सवय झाली आहे. घरात एक छोटी जादा खोली आहे. तिच्यात टीव्ही, गेमचं यंत्र, पाकोळीचे अंक आणि भावोजी असतात. चार वर्षं ताई ती खोली मागत होती, आणि चार वर्षं भावोजी "बघू" म्हणत होते.

चौथ्या गेमची बातमी आली तेव्हा भावोजींनी स्वतःहून विषय काढला. हाही टाकाऊच असणार, ते ताईला म्हणाले. मला एक शनिवार दे. खेळतो, शिव्या घालतो आणि या भानगडीतून मोकळा होतो. मग खोली तुझी आणि यंत्र तुझ्या भावाला. ताईने त्याच दिवशी टेप लावून खोली मोजली आणि कामाचं टेबल मागवलं. मी माझ्या टीव्हीखालचा कप्पा रिकामा केला. एखादी गोष्ट वाईट निघावी म्हणून सगळं कुटुंब एकदिलाने वाट बघतंय, असं आमच्याकडे पहिल्यांदाच घडत होतं.

शनिवारी सकाळी सातला भावोजी खोलीत गेले. मी साडेनऊला पोचलो, यंत्र मावेल एवढी पिशवी घेऊन. ताईचं नवं टेबल बोळकांडीत उभं होतं, त्यामुळे अंग चोरून आत यावं लागलं. ताई एका कवळीचा सुळा घासत होती. "शिव्या ऐकू येत नाहीयेत," ती म्हणाली.

झोपले असतील, असं मी म्हणालो आणि बघायला गेलो. ते जागे होते. पडद्यावर बत्तीस मजली इमारत होती, लिफ्टमध्ये तीन कारकून अडकले होते आणि खलनायक वर यंत्रखोलीत दोर कापत होता. भावोजी दोर मोजत होते. सहा निघाले. सहावा तुटला, डबा वीतभर खाली आला, खालच्या जबड्यांनी रूळ धरले आणि लिफ्ट थांबली.

भावोजींनी खेळ थांबवला. चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले.

"तिरकी थांबली," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"डबा तिरका आहे. एका बाजूचा जबडा जरा आधी धरतो ना, तसंच होतं ते. अरे, हे ज्याने केलंय तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरून आलाय."

पुढे पाकोळीने काहीही झेललं नाही. त्याला आधी वीज बंद करावी लागली, मग मजल्यावरचं दार चावीने उघडून एकेका कारकुनाला हात द्यावा लागला. वीज बंद करा, अशी सूचना पडद्यावर यायच्या आत भावोजींनी ती केली होती. मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

अकराला चहाला बाहेर आले तेव्हा ताईने विचारलं, कसा आहे. वाईटच, पण किती वाईट ते नीट बघायला हवं, असं म्हणून ते कप घेऊन आत गेले. बाराला तिने दाराबाहेरून विचारलं. अजून बघतोय, असं उत्तर आलं. थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. ताईचा हात कवळीवरच थांबला. "हे हसले," ती म्हणाली. तिने ते अशा सुरात सांगितलं की मी क्षणभर डॉक्टरचा नंबर शोधला.

एकला आम्ही जेवायला बसलो. ताईने वरची आणि खालची बत्तिशी बाजूला सारून ताटं मांडली. भावोजी मान खाली घालून जेवत होते. वाईट आहे म्हणावं तर खोली जाते. चांगला आहे म्हणावं तर दिलेला शब्द जातो, शिवाय तीन गेममधून कमावलेली अक्कल जाते. माझी पिशवी खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती. तिच्याकडे त्यांनी दोनदा बघितलं.

"मग," ताई म्हणाली, "आवरायला घेऊ का?"

"चांगला आहे तो," भावोजी म्हणाले. नात्यातलं कोणी गेल्याचं सांगावं तसं.

"किती?"

"खूप." त्यांनी घास गिळला. "मी चुकलो."

बावीस वर्षांच्या संसारात ताईने हे दोन शब्द पहिल्यांदाच ऐकले होते. आपल्याला कधी ऐकायला मिळाले तर ते कशाबद्दल असतील, याच्या तिच्या काही कल्पना असणार, पण तिने तसं दाखवलं नाही. काय एवढं चांगलं आहे, असं तिने विचारलं. त्यांनी जबड्यांचं सांगितलं. डबा तिरका थांबल्याचं दोनदा सांगितलं. ताईने हातातली पोळी खाली ठेवून सगळं ऐकलं. उजवा सुळा डाव्यापेक्षा केसभर लांब हवा म्हणून ती तासभर घासत बसते, त्यामुळे तिला ते समजलं असावं.

"कोणीतरी मन लावून काम केलंय म्हणजे," ती म्हणाली. "ठीक आहे. तो गेम संपेपर्यंत खोली तुमची. संपला की त्याच दिवशी माझी. मग 'बघू' नाही आणि काही नाही."

भावोजींच्या चेहऱ्यावर ते तीन महिने आणि एकशे नव्व्याण्णव पारवे दिसले. पक्कं ना, असं त्यांनी विचारलं. पक्कं, ताई म्हणाली. त्यांनी मला साक्षीला धरलं, पुन्हा वाढून घेतलं आणि हात धुऊन जवळजवळ धावतच खोलीत गेले.

गेमच्या डब्यावरचा मजकूर भावोजी वाचत नाहीत. डबा हा विकणाऱ्याचा असतो, पाकोळीचा नसतो, असं त्यांचं मत आहे. मला काही काम नव्हतं म्हणून मी वाचला. मागे तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की, संपूर्ण खेळ अंदाजे आठ तासांचा आहे.

सव्वातीनला आम्ही तिघांनी मिळून ताईचं टेबल आत नेलं.