उजवा कौल

स्कूटर चढाला लागली की शिवदास गप्प व्हायचा आणि सेजलचा आवाज चढायचा. इंजिनाच्या वर आपलं म्हणणं पोचवायचं तर दुसरा उपाय नव्हता.

"बाबा, आयकतंस मरे?"

"आयकतंय. सहा वर्सांचा शिक्षाण पाच वर्सांत. चार दीस ताच सांगतंस."

"पण कसा, ता आयक. चार वर्सां डिग्री, मगे दोन वर्सां मास्टर्स. हेच्यात चौथ्या वर्साकच मास्टर्सचे विषय घेवचे. ते दोनीकडे धरतत. मगे मास्टर्सचा एकच वर्स उरता."

शिवदासने वळणावर वेग कमी केला. सर्वणहून डिचोलीच्या स्टँडपर्यंतचा हा रस्ता त्याला डोळे मिटून जमला असता, तरी तो वळणावर वेग कमी करायचाच.

"म्हंजे परतीच्या खेपेक गाडी रिकामी हाडूची नाय. येतानाय माल भरून येवचो."

"तसाच," सेजल म्हणाली आणि मागून त्याच्या खांद्यावर एक थाप मारली. "आमच्या मॅडमांक इतक्या बरा सांगूक जमला नाय."

त्याला जरा बरं वाटलं आणि लगेच वाईटही. कळलं नसतं तर निदान अडून तरी बसता आलं असतं. तरुणपणी त्याने खनिजाचा ट्रक चालवला होता. खाणीवरून भरून धक्क्यावर जायचं आणि रिकामं परत यायचं. रिकामी खेप कुठल्याच ड्रायव्हरला आवडायची नाही. मुलीचं म्हणणं असं थेट त्याच्या ट्रकात येऊन बसल्यावर तो काय बोलणार?

अडचण एकच होती. कंप्युटर सायन्सचं ते चौथं वर्ष इथल्या कॉलेजात नव्हतं. ते पुण्याच्या विद्यापीठात काढायचं होतं. पुढच्या वर्षी जाणारी पोर या वर्षीच जाणार होती. कॉलेजने तिची निवड केली होती आणि महिनाअखेर होकार कळवायचा होता.

"कसली इतकी घाई गे?" स्टँडवर तिला उतरवताना त्याने विचारलं. हे तो रोज विचारत असे.

"घाई नाय, बाबा. माका जा शिकूचा असा, ता थंयच असा." हेही ती रोज सांगत असे.

ती बसमध्ये चढली आणि तो आपल्या कामावर गेला. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकला गेला आणि शिवदास शाळेच्या पिवळ्या बसवर, बालरथावर, ड्रायव्हर म्हणून लागला. एकेकाळी एक खेप जास्त पडावी म्हणून लाल धुळीतून पुढच्याला मागे टाकणारा माणूस आता पहिलीतलं पोर हरवलेला बूट शोधेपर्यंत निमूट थांबून राहायचा. धाव धाव धावलो आणि शेवटी खाणच बंद झाली, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. घाईने कुणाचं भलं होत नाही, असं तो त्यावरून सगळ्यांना पटवून द्यायचा. त्याची बायको शेवंती म्हणायची, हे स्कूटरसुद्धा अशी चालवतात, जणू मागे सगळी शाळा बसली आहे.

पण घाईचं ते सगळं बोलण्यापुरतं होतं. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते चौथं वर्ष त्याने मनातल्या मनात स्वतःसाठी राखून ठेवलं होतं. दिवसभरात त्याच्याशी त्याच्यासाठी म्हणून कुणी बोलत असेल तर ते या सकाळच्या रस्त्यावर. सेजल काय काय सांगायची. मोठं कोडं घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, मग त्या तुकड्यांचे तुकडे, आणि अगदी बारीक झालं की ते आपसूक सुटतं. हे त्याने दुसऱ्या बालरथवाल्यांना सांगून पाहिलं होतं आणि सपशेल आपटला होता. तरी त्याला ते आवडायचं. आता बापाने मुलीला कसं सांगायचं, की तू जाऊ नको, माझ्यामागे स्कूटरवर कोण बसेल? असं बोलतात का कुठे.

शेवटी शेवंतीनेच तोड काढली. "देवीक विचारूया. कौल घेवन येवा. देवी सांगात तसा."

सेजल वाद घालील असं त्याला वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "बरा. देवी सांगता तसा करतलंय. पण बाबा, प्रस्न नीट घाल. उजवो म्हंजे काय नि डावो म्हंजे काय, ता आदी ठरय. नायतर उत्तराचो काय उपेग नाय."

ग्रामदेवीच्या देवळात त्या सकाळी फारसं कुणी नव्हतं. पुजारी भटमामांनी पिटकुळीच्या फुलांच्या लाल पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि विचारलं, "गाऱ्हाणा मी घालू, की मनातला असा?"

"मनातला," शिवदास म्हणाला.

वाटेत त्याने सरळ ठरवलं होतं. पोरीने जायचं असेल तर उजवी पाकळी पडू दे. पण हात जोडले, समईच्या उजेडात देवीचे डोळे दिसले आणि मनातून भलतंच निघालं. आई, पोर हे एक वर्ष घरीच राहू दे. राहायची असली तर उजवा दे.

कुठली पाकळी आधी पडते ते बघत लोक तासन्‌तास बसतात. इथे भटमाम धड मागेही सरले नव्हते, तोच उजवी पाकळी सुटली आणि खाली पडली.

"बरा जाला," भटमाम म्हणाले. "देवीन तुका वाट पळोवक लायली नाय."

पाकळी केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून शिवदासने खिशात ठेवली. घरी जाताना तो खूश होता. खोटं कशाला सांगा, अगदी मनापासून खूश होता. वळणावर वेग कमी करायचंही विसरला.

मागल्या पडवीत मायलेकी भिरंडं फोडत बसल्या होत्या. आमसुलं घालायची होती. सेजलचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"कसो?" शेवंतीने विचारलं.

"उजवो."

सेजलचा हात टोपलीत थांबला. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. शिवदासला ते बघणं ओळखीचं होतं. लहानपणी इंजेक्शन घ्यायला नेली की ती अशीच भिंतीकडे बघून हात पुढे करायची. रडायची नाही, ओढून घ्यायची नाही. आताही ती तसंच करणार होती. वर्षभर घरी राहणार, रोज त्याच्यामागे बसणार, चढावर आवाज चढवून त्याला काहीबाही समजावत राहणार, आणि एका शब्दानेही कुरकुरणार नाही. हवं होतं ते हेच तर होतं. पण ते असं समोर बसलेलं पाहिल्यावर त्याला नको झालं.

"अवो, उजवो म्हंजे काय धरलल्यात?" शेवंती म्हणाली.

"जावचा म्हणान," शिवदास म्हणाला.

सेजल उठली आणि तिने तशाच लाल हातांनी त्याचे दोन्ही दंड घट्ट धरले. शर्टाला डाग पडले. भिरंडाचा डाग जात नाही म्हणून शेवंती दोघांवरही ओरडली आणि ओरडता ओरडता तिनेच डोळे पुसले.

पुढचे दिवस शिवदासला जड गेले. देवीचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. डावा पडला म्हणून गावात लोकांनी ठरलेली लग्नं थांबवलेली त्याने पाहिली होती. आणि आपण तर देवीच्या तोंडी भलतेच शब्द घातले. याचं काही वाईट झालंच, तर ते पोरीवर येऊ नये, एवढीच धास्ती होती. ती निघायच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन तो देवळात गेला. गाऱ्हाणं आपलं आपणच घालतो म्हणाला.

"आई," तो हळू म्हणाला, "तू दिलंस ता खरा. माका ता घेवक जमाक नाय. पोरीन काय केलला नाय, तिका कायच म्हायत नाय. राग आसलो तर माज्यावर धर."

भटमामांनी नारळ फोडून अर्धा त्याच्या हातात ठेवला. "मी काय आयकूक नाय," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "पण शिवदास, देवीन दिला ता तुजा जाला. तुजा तू कोणाक दिलंस, तर देवी कित्याक रागवात?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हापशाच्या स्टँडवर पुण्याची बस लागली. शेवंती सेजलला खाण्याचे डबे कुठे ठेवलेत ते पुन्हा पुन्हा सांगत होती. सेजल पायरीवर चढली आणि वळली.

"बाबा, डावो पडलो असतो तर?"

"तर तू घराकच ऱवलं असतंस."

ती त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. "ऱवलंय असतंय हां मी. खरीच."

"म्हायत असा माका," तो म्हणाला. "म्हणान तर."

म्हणून तर काय, ते तिने विचारलं नाही. कंडक्टरने दार लावलं.

सकाळी शिवदासने नेहमीच्या वेळेला स्कूटर अंगणात काढली आणि सुरू केली. शेवंती दारात येऊन उभी राहिली. स्कूटर सुरू होती, पण तो हलत नव्हता.

"कोणाची वाट पळयतात?"

"कोणाची नाय," तो म्हणाला.

तो सीटच्या पार पुढच्या टोकाला बसला होता. मागे जागा हवी म्हणून इतकी वर्षं बसायचा तसा. त्याच्या ते लक्षात आलं. मागे सरकून ऐसपैस बसता आलं असतं. तो सरकला नाही. तसाच निघाला, आणि चढाला लागल्यावर सवयीने गप्प झाला.