मऊ केलेली मूठ

गेल्या आठवड्यात अलकाबाई स्कूटरसकट फाटकावर धडकल्या. हँडलची मूठ जराशी पिळली की गाडी उसळी घ्यायची. जुन्याच स्कूटरला विजेची मोटर बसवून घेतलेली होती, आणि त्यांची मुलगी शलाका एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत अशाच मोटरांचा जोर ठरवणारे कंट्रोलर जुळवायची. आईचं सुजलेलं मनगट पाहिल्यापासून तिला ही उसळी घालवायची होती.

रविवारी सकाळी तिने सीट उघडून लॅपटॉप जोडला.

"स्वल्पच कमी कर हं," आई म्हणाली. "मल्लेश्वरमच्या चढांवर मला ढकलत न्यायला लावू नकोस."

"सरी, आई." बरं, म्हणत शलाकाने मान डोलावली.

पण स्वल्पावर तिचं समाधान होईना. मूठ पिळल्यावर मोटरने जोर किती सावकाश घ्यायचा, तो आकडा ती वाढवतच गेली. अंगणात फेरी मारली तेव्हा गाडी इतकी अलगद निघाली की तिला हायसं वाटलं.

अलकाबाई भाजीला निघाल्या. शलाका कोपऱ्यापर्यंत मागोमाग चालत गेली. तिथे मोठा रस्ता ओलांडावा लागे. आईने दोन्हीकडे पाहून गाडी घातली. अर्ध्यात एक रिक्षा आडवी घुसली, म्हणून आईने मूठ सोडली. रिक्षा गेली. आईने पुन्हा मूठ पिळली.

गाडी हललीच नाही.

शलाकाच्या लख्खकन ध्यानात आलं. मूठ सोडली की जोर शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून हळूहळू चढतो. अंगणात निघताना तो उशीर तिला जाणवला नव्हता, आणि मधे मूठ सोडून तर तिने एकदाही पाहिली नव्हती. आणि उतारावरून बस येत होती.

"आई! पाय लाव, ढकल!"

हॉर्नमध्ये तिचा आवाज बुडाला. धावायचं होतं, पण पाय जागचे उचलेनात. ब्रेक किंचाळले. आईच्या साडीचा पदर बसच्या वाऱ्याने उडाला आणि बस हातभर अंतरावर थांबली. तेव्हा कुठे स्कूटर सरपटत पलीकडे गेली.

"अक्का, नोडकोंडु होगी!" जपून जा, म्हणून ड्रायव्हर खेकसला.

शलाका पलीकडे पोचली तेव्हा आई फुटपाथवर बसली होती.

"मूठ पूर्ण पिळली होती गं. गाडी मेलीच असं वाटलं. किती कमी केलंस?"

"खूप. तू सांगितलंस त्याहून खूप जास्त."

आई उठून साडीवरची धूळ झटकू लागली. ती ओरडली असती तर शलाकाला बरं वाटलं असतं.

गाडी ढकलत घरी आणली. लॅपटॉप पुन्हा उघडला, पण शलाकाची बोटं चालेनात. आकडा एकीकडे नेला की फाटक दिसे, दुसरीकडे नेला की बस.

"तू बदल, मी चालवून सांगते," आई म्हणाली.

मागच्या गल्लीत आई गाडी थांबवी, मूठ सोडी, पुन्हा पिळी. "अजून." "आता मनगटाला हिसका बसतोय." "थोडं मागे घे. हां, आता सरी."

मग म्हणाली, "चल, बस मागे."

त्याच कोपऱ्यावर शलाकाने आईचे खांदे गच्च धरले. मधोमध एक कार आडवी आली. मूठ सुटली. शलाकाने डोळे मिटले, श्वास कोंडला. मूठ पुन्हा पिळली गेली आणि गाडी तत्काळ पुढे सरकली.

"उतर आता, पालक घ्यायचाय."

शलाका उतरली. आई जुड्या निवडत होती, पण शलाकाची नजर सारखी मागे रस्त्याकडे जात होती. घरी जायला तो पुन्हा ओलांडायचा होता.