सहा नावांचा चौथरा

साहेब आला आणि कोणाला न विचारता चौथरा खणायला लागला. माझं डोकंच फिरलं.

"ओ साहेब! आधी कुदळ ठेवा खाली!"

साहेब बिचारा नरम. म्हणाला, "अक्का, लढाईत बॉम्बवालं विमान इथं पडलं ना, त्यातल्या सहा गोऱ्यांची हाडं शहरातल्या कबरस्तानात न्यायची आहेत. वरून हुकूम आहे."

"सहा नही, सात! सातवा मना नवरा शे."

चौथऱ्यावरच्या दगडात नावं सहाच. आमच्या माणसाचं नाव कोण कोरतो? तेवीस वर्षांपूर्वी त्या गोऱ्या पोरांना ओढून काढायला तो पेटत्या विमानात घुसला. घरात बायको पोटुशी, आणि याला परक्याच्या पोरांचा पुळका! अजून संताप होतो माझा.

सातही जणांचा कोळसा झाला. कमरेच्या चांदीच्या करदोड्यावरून तेवढा आमचा ओळखू आला. पण मयताच्या अंगावर करदोडा ठेवत नाहीत. भावकीतल्या सुपडूआबांनी रीतीप्रमाणे तोडला आणि मला द्यायला गावात आले. तेवढ्यात लोकांनी मयतं उचलून सावलीला ओळीनं ठेवली. आबा परत गेले, तर आमचा कोणता, कोणालाच कळेना. अग्नी देणार कोणाला? मग सातही गोणपाटात गुंडाळून एकाच खड्ड्यात पुरले.

आता ताडपत्रीवर सात ढीग मांडले होते. साहेबानं दोनदा मोजले आणि कपाळाला हात लावला.

"अक्का, कागद सहांचाच आहे. एक इथं राहील. तुमचा कोणता ते सांगा."

चुकले तर माझा माणूस गोऱ्यांच्या कबरस्तानात जाणार, आणि कोणा माउलीचं लेकरू इथं राहणार. अर्धा दिवस मी प्रत्येक ढिगापाशी बसले. हाडं बोलतात का कुठं? शेवटी एकावर बोट ठेवलं.

बाकीचे सहा साहेब घेऊन गेला. मी ट्रंकेतला करदोडा आणून त्या हाडांवर ठेवला आणि रीतीप्रमाणे पुन्हा काढून घेतला. जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशी घेतलं. "हिलाल, तू असशील तर आता सुटलास. आणि तू नसशील, तर पोरा, रागवू नको रे."

बापाचं तोंडही न पाहिलेल्या माझ्या लेकानं, कौतिकनं, अग्नी दिला.

दगड अजून तिथंच आहे, सहा नावांचा. त्यातल्या एखाद्याची आई कधी आली, तर तिच्यापुढं मी कोणत्या तोंडानं उभी राहू?