उष्टावणाआधी आलेला शब्द

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी ऋतुजाच्या कानात शिरलो. मी एक इंग्रजी शब्द बोलतोय, मालन्यूट्रिशन. वळसंगच्या पुढं धनगरांची वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत. काट्याच्या झोळीत तिचा नऊ महिन्यांचा सिदू होता, आणि वजन बघून अंगणवाडीच्या सेविका सोनालीताईंनी माझं नाव घेतलं.

"म्हंजे काय ओ ताई?"

"लेकराचं पोषण होईना."

ऋतुजानं पदर पुढं ओढला. माझं दूधच वाईट की काय, एवढंच तिच्या मनात आलं. लेकराचं काही बिघडलं की आई आधी स्वतःकडंच बघते.

माझी ओळख सांगतो. 'माल' म्हणजे वाईट, कमी पडलेलं. 'न्यूट्रिशन' लॅटिन भाषेतनं आलं. तिथं त्याचा मूळ अर्थ लेकराला अंगावर पाजणं, वाढवणं. म्हणजे माझं मूळ आईच्या मांडीवरच आहे म्हणा. पण दूध वाईट, असं मी कधीच म्हणत नाही. पोटाला पुरेना, एवढंच म्हणतो.

"वरचं काय चारता?" ताईंनी विचारलं.

"अजून काय न्हाय. उष्टावण बिरोबाच्या जत्रंत हाय, मामाच्या मांडीवर. दोन महिने हायत अजून."

तिची सासू तानाबाई दारातनंच म्हणाली, "माझी चार तशीच वाढली."

"मावशी, कोकराला महिन्याच्या आत पाला दाखवता की. नातवानं तेवढी जत्रंची वाट बघायची व्हय?" ताई म्हणाल्या.

"कोकराला मामा नसतो, बाई."

वजनाला आलेल्या सगळ्या बायका हसल्या. ऋतुजा हसली नाही. सिदू हल्ली रडतही नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

घरी जाताना वाटेतच तिनं केम गावच्या आपल्या भावाला फोन लावला. "दादा, आजच ये. जत्रा राहू दे." तानाबाई शेजारीच ऐकत चालली होती.

संध्याकाळच्या गाडीनं तो भाऊ, बिभीषण आला, हातपाय धुऊन सिदूला मांडीवर घेऊन बसला. मऊ भात तानाबाईनंच कालवला, वर तूप सोडलं आणि बिरोबाच्या फोटोकडं बघून म्हणाली, "देवा, जत्रंला येतोच आमी. पोरगं तेवढं धड असू दे."

पहिला घास सिदूनं थुंकला. दुसराही. तिसरा तोंडात धरलाय. गिळतोय का, ते तिघंही बघतायत, आणि मीही.

मला या घरातनं लवकर जायचंय. तुमच्या ओळखीत सहा महिने झालेलं लेकरू असलं, तर त्याच्या आईला सांगा, अंगावरचं चालू ठेव, जोडीला मऊ घास आजपासून दे. आणि तिला म्हणावं, शेजारणीलाही सांग.