पाहुणे येईपर्यंत अस्वल

मी बर्फाची लादी बोलतेय. जरा भरभर बोलते, कारण माझं काही खरं नाही. तुम्ही "बसा, चहा घ्या" करत बसाल, तेवढ्यात मी संपायची.

माझा जन्म जळगावचा. इसाकचाचांच्या बर्फाच्या कारखान्यात, पत्र्याच्या लांबट डब्यात. वजन दीडशे किलो, पण बांधा उंच, बरं का! आमच्यातल्या कोण लग्नातल्या पाण्याच्या ड्रमात जातात, कोण मासळीखाली, तर कोण रसवंतीत. उत्तर ध्रुवावर आमचे भाऊबंद डोंगराएवढे उभे असतात म्हणे. आणि आम्ही सरबतात! मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पाच जूनला सकाळी सहा वाजता दिपमाला कारखान्यात आली. मूळची शिंदखेड्याची, जळगावात चित्रकला शिकणारी. माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "चाचा, हिच्यातून मला ध्रुवावरचं पांढरं अस्वल काढायचंय. आज पर्यावरण दिनाचा कार्यक्रम आहे ना."

"बेटा, त्रेचाळीस डिग्रीत माणूस टिकेना, अस्वल कुठून टिकणार?"

"टिकवायचं नाहीच. वितळतानाच लोकांनी बघायचंय. ध्रुवावर चाललंय ते इथं, डोळ्यांसमोर."

चाचांनी एकेक लादी ठोकून बघितली. मग म्हणाले, "तर मग सगळ्यात टणक लादी ने. सावकाश तरी जाईल." आणि त्यांनी मला निवडलं. अहो, काय सांगू, मी गारच झाले! म्हणजे होतेच, पण आणखी झाले.

कार्यक्रमाच्या मांडवात नेऊन पोरीनं माझ्यावर तीन तास छिन्नी चालवली. बोटं बधिर झाली की ती काखेत धरायची आणि पुन्हा सुरू. छिलके पडतील तसे पाणी वाटणाऱ्या भिकुबाई उचलून ड्रममध्ये टाकत होत्या. दहा वाजता मी मागच्या दोन पायांवर उभी होते. नाक वर, पंजे पुढे. बाई जन्माला आले आणि अस्वल झाले, पण रुबाब असा की भिकुबाईंनी हात जोडले. नंतर माझा डावा कानही मोडून ड्रममध्ये टाकला, ती गोष्ट वेगळी.

दिपमालाची सारखी रस्त्याकडे नजर. तिचे वडील अभिमनआबा शिंदखेड्याहून एसटीनं येणार होते. तिला पुढं मूर्तिकाम शिकायला नाशिकला जायचं होतं आणि आबांचं एकच पालुपद, तलाठ्याची परीक्षा दे. शेवटी म्हणाले होते, "एकदा तुझं काम बघतो, मग ठरवतो." म्हणजे पोरीचं नाशिक माझ्या अंगावर होतं. आणि माझं अंग तर वितळत चाललेलं.

तेवढ्यात कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष हितेंद्रभाऊ आले. "वा, वा! आता झाका हिला."

"झाका?" दिपमाला दचकली. "भाऊ, लोकांनी बघायचं..."

"अगं, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते अनावरण आहे! त्यांच्याआधी लोकांनी बघितलं तर ते कशावरचा पडदा ओढतील?"

आणि माझ्यावर लाल मखमली पडदा पडला. शिवाय भाऊंना माझी दया आली. "थंड मुलखातलं जनावर आहे रे, हवा लावा!" म्हणून पडद्याच्या आत दोन मोठे पंखे सोडले. आत भट्टीसारखी लू फिरायला लागली. भाऊ, एवढी माया शत्रूनंही केली नसती!

पाहुणे अकराला येणार होते. बारा वाजले, एक वाजला. बाहेर पृथ्वीच्या तापण्यावर भाषणं चालली होती. पाच वक्ते झाले आणि माझे दोन पंजे गेले. सहावा "आता वेळ फार थोडा उरला आहे" म्हणाला आणि पाऊण तास बोलला. माझं नाक त्यातच गेलं.

दीड वाजता पडद्याची कड उचलून एक धोतरवाला आत डोकावला. मागं दिपमाला. "आबा, अजून आत येऊ नका ना," ती रडकुंडीला आली होती.

पण आबा तिच्याकडं बघतच नव्हते. तीस वर्षं शिंदखेड्याच्या स्टँडवर रसवंती चालवलेला माणूस तो. बर्फाचे हाल त्यांच्यानं बघवेनात.

"पंखा बंद करा रे! बरफले वारा लागू देतस का कोनी? बठ्ठं पानी व्हई जाई!"

माझं सगळं पाणी व्हायच्या आत त्यांनी स्वतःच पंखे बंद केले, कुठूनतरी गोणपाट आणून माझ्याभोवती गच्च गुंडाळलं. त्या हातांत मला पहिल्यांदा जरा जीव आला. बाई गं, सरबतवाल्याचाच हात शेवटी उपयोगी पडला!

पाहुणे आले अडीचला. हार, शाल, श्रीफळ, फोटो. मग पडदा ओढला, गोणपाट सोडलं. मी टीचभर उरले होते. एक कान तेवढा शाबूत.

"वा!" पाहुणे म्हणाले. "काय सुरेख ससा!"

हितेंद्रभाऊंनी टाळ्या सुरू केल्या. दिपमालानं माइक घेतला.

"साहेब, दहा वाजता हे अस्वल होतं. तुमची वाट बघता बघता ससा झालं."

टाळ्या मध्येच थांबल्या. पाहुण्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. कुठल्याही कार्यक्रमात त्यांनी ते पहिल्यांदाच बघितलं असावं. आणि मागं उभे असलेले आबा खो खो हसायला लागले. मग कुणी घरी जायला निघालं नाही. सगळा मांडव माझ्याभोवती आला. थेंब पडताना बघत राहिला. दिपमालाला हवं होतं ना, तसंच. मला आनंदानं रडू आलं, पण वितळतानाचं रडणं कोण ओळखतंय?

आबांनी डोळे पुसले आणि लेकीला म्हणाले, "जाय नाशिकले. पन बरफ कसा ठेवतस, ते पहिले माले इचार."

आता मी सुपारीएवढी उरलेय, आबांच्या तांब्यात. दोन घोट त्यांनी घेतले, बाकीचं पाणी लेकीपुढं केलंय. ड्रमात जायची मला लाज वाटायची, या तांब्यात नाही वाटत.

जाता जाता एवढंच सांगते. ध्रुवावरच्या माझ्या भाऊबंदांना बघायला यायचं असेल, तर वेळेवर या. तिकडं गोणपाट घेऊन शिंदखेड्याहून कुणी येणार नाहीये.